सहा पौंड

लेडव्हिल, ४ जून १९९४

डॅडी,

अक्षर ओळखलं असेल. आता हे पाकीट न फोडता टायरांच्या ढिगावर टाकू नका, पुढे कामाचं आहे. माफीबिफी नाही मागत, तेव्हा वाचायला हरकत नाही.

मी बरी आहे. कर्टिस बरा आहे. तो खाणीत कामाला लागलाय आणि त्याच्या भुवया परत आल्या आहेत. डावी जरा विरळ आली.

तीन वर्षांनी लिहिते आणि एकदम इंजिनाचं विचारते, तुम्हाला हसू येईल. पण तुमच्याशिवाय विचारू कुणाला? फोन केला असता, पण तुमचं "हां, बोला" ऐकलं की माझं तोंड उघडणार नाही हे मला माहीत आहे.

असं झालंय की कर्टिसला भंगारात एका मोडक्या ट्रकवरचा ब्लोअर सापडला. त्याने तो तीन आठवडे घासला, स्वयंपाकघराच्या टेबलावर, मी जेवण वाढते त्या बाजूला. आणि आता तो आमच्या गाडीच्या इंजिनावर बसवलाय. निळी, चार दारांची, आठ सिलिंडरची. आमची एकच गाडी आहे, डॅडी. कर्टिस त्याच गाडीने खाणीत जातो, मी त्याच गाडीने दुकानात, डॉक्टरकडे, सगळीकडे. मागच्या सीटवर पण सामान असतं.

गाडी पळते छान, खोटं कशाला बोलू. परवा चढावर मला हसू आवरेना. पण मी तुमच्या शेडमध्ये वाढलेली आहे. ब्लोअर हवा कोंबतो, जास्त कोंबली की जास्त पळते, आणि फार कोंबली की काय होतं ते मी कुंपणाला धरून बघितलंय. कर्टिसने लावलेला बारा पौंड दाब आणि पंपावरचं साधं पेट्रोल. तुमचं दोन वर्षं खपून बांधलेलं इंजिन आणि त्याचा पिस्टन गवतात. तुम्ही तेव्हा म्हणालात, "हा पोरगा एक दिवस तुलाही असाच उडवेल." आणि मी पुढच्याच आठवड्यात त्याच्याबरोबर निघून आले. मला रात्रंदिवस तेच वाक्य ऐकू येतं. इंजिन गुरगुरलं की ऐकू येतं.

आत्ता काट्यावर आठ पौंड दिसतात. कर्टिस म्हणतो, "आठ म्हणजे काहीच नाही, जेनी. आठ तर लहान मुलांचा दाब आहे."

मी म्हटलं, "म्हणूनच भीती वाटते."

तो हसला. त्याला कळलं. तुम्हाला अजून नाही कळणार.

एवढंच सांगा, पंपावरच्या पेट्रोलवर किती पौंड ठेवले तर इंजिन नीट राहतं? आकडा लिहा फक्त. बाकी काही लिहिलं नाही तरी चालेल.

जेनेल


लेडव्हिल, १९ जून

डॅडी,

तुमचं कार्ड आलं. मी मोजलं, सगळे मिळून आठ शब्द. "इंजिन कुठलं. कॉम्प्रेशन किती. पेट्रोल कुठलं. काय सामान?" खाली नाव पण नाही. पण कार्डाच्या कोपऱ्याला ग्रीसचा अंगठा होता, तो मी ओळखला.

उत्तरं देते. इंजिन आठ सिलिंडरचं, साधं, आतलं काही बदललेलं नाही. कॉम्प्रेशन नऊ, म्हणजे नवास एक. हे कर्टिसला विचारलं तर तो म्हणाला, "तुला कशाला हवंय?" मी म्हटलं, "डोलोरेसबाईंना हवंय." डोलोरेसबाई शेजारच्या ट्रेलरघरात राहतात, वय सत्तर, गाडी चालवत नाहीत. तो म्हणाला, "डोलोरेसबाईंना सांग नऊ. आणि डोलोरेसबाईंच्या बापाला सांग की इग्निशन मी मागे घेतलंय आणि प्लग थंड जातीचे टाकलेत. मी शिकलोय म्हणावं."

म्हणजे त्याला माहीत आहे. रागावला नाही. फक्त त्या दिवशी बॉनेट उघडं ठेवून जास्त वेळ उभा राहिला.

पेट्रोल इथल्या पंपावरचं सगळ्यात वरचं, एक्क्याण्णव ऑक्टेनचं. यापेक्षा वरचं इथे मिळत नाही.

सामानाचं. सामान नऊ महिन्यांचं आहे. तिला दोन दात आहेत. कुणी शिंकलं की ती खदखदून हसते. कान तुमच्यासारखे आहेत, बिचारीला टोप्या घालाव्या लागतील. मागच्या सीटवर ती असते, बरोबर मधोमध. आणि तिच्यासमोर चार फुटांवर ते इंजिन. झालं, सांगितलं.

तिचं नाव लुडमिला. मम्मीचं. लिडी म्हणतो आम्ही. नाव कर्टिसने सुचवलं, मी नाही, हे पण तुम्हाला माहीत असू दे.

मी तिच्या जन्मानंतर चार वेळा पत्र लिहून फाडलं. घाबरट झाले आहे मी, डॅडी. पूर्वी तुमच्या शेडच्या छपरावरून उडी मारायचे. आता ती खोकली तरी मी उठून बसते. कर्टिसने पायडल दाबलं की मी मागे हात टाकून तिचा पाय धरते. जणू मी धरल्याने काही थांबणार आहे.

आकडा लवकर पाठवा.

जेनेल


लेडव्हिल, ६ जुलै

डॅडी,

खोकं मिळालं. पुली, पट्टा आणि कागद. "सहा. पंपावरच्या पेट्रोलवर सहाच. ही पुली लावा, सहा येतील. पट्टा लांब लागेल तो दिलाय."

आणि पुलीच्या पोकळीत टोपी. मम्मीने माझ्यासाठी विणलेली. त्याबद्दल कागदावर एक अक्षर नाही. बरं, मी पण काही बोलत नाही. तेल लागलंय तिला एका बाजूला. धुतली नाही मी.

आता खरं सांगते काय झालं, कारण लपवलं तर तुम्हाला वाटेल आम्ही ऐकत नाही.

कर्टिसने पुली लावली. मी सांगितलं म्हणून नाही, स्वतःहून. खोकं उघडलं, पुली हातात फिरवली, म्हणाला, "म्हाताऱ्याने स्वतः लेथवर कातली आहे. बघ काम." रविवारी सकाळी बसवली. आम्ही सगळे गाडीत बसलो, डोलोरेसबाई पण, त्यांना चर्चला सोडायचं होतं. चढावर त्याने पाय दाबला. काटा चारवर जाऊन थांबला.

चार, डॅडी. सहा नाही. त्याने तीनदा करून बघितलं. चारच.

डोलोरेसबाई मागून म्हणाल्या, "आज चर्च लांब गेलंय का?"

कर्टिसने त्यांना चर्चच्या दारात उतरवलं. घरी आल्यावर मात्र सुटला. "सहा लिहून चार पाठवतो! तुझ्या बापाला वाटतं मला काटा वाचता येत नाही. त्याने मुद्दाम जास्तच मोठी कातली, जेनी, ब्लोअर हळू फिरावा म्हणून. पोराला सहा सांगा, चार द्या, तेवढीच त्याची लायकी. हेच ना?"

मी म्हटलं, "चुकून झालं असेल."

"तुझा बाप पुली कातताना चुकतो? कधी चुकलाय?"

तुम्ही कधीच चुकत नाही. तेच तर अवघड आहे.

त्याने तुमची पुली काढली, जुनी छोटी परत बसवली. परत आठ. मोठी पुली तो भंगारात टाकायला निघाला होता, मी म्हटलं, "दे, दाराला अडण म्हणून ठेवते." आता ती दाराला अडण आहे. दार छान थांबतं.

डॅडी, तुम्ही मुद्दाम केलंत का? खरं सांगा. केलं असेल तरी मी रागवणार नाही. माझ्या मनात तर आलं की बरंच झालं, चार म्हणजे आणखी सुरक्षित. पण कर्टिसचा चेहरा बघितला असता तर. तीन वर्षं तो तुमच्या एका शब्दाची वाट बघतोय, आणि कुणाला सांगत नाही.

दुसरं. जुलैच्या शेवटी खाणीला आठवड्याची सुट्टी आहे. आम्ही आलो तर तुम्ही गेट उघडाल का? लिडीला एकदा बघा. मग परत हाकलून द्या हवं तर.

इथे सगळं ठीक. फक्त राजमा शिजत नाही. तुमच्या घरी मी दीड तासात करायचे तोच राजमा, तीच मम्मीची पद्धत, इथे चार तास उकळते तरी दाताखाली कचकचतो. कर्टिस म्हणतो गोट्या खेळू या. डोलोरेसबाईंनी शेवटी त्यांचा कुकर दिला. म्हणाल्या, "पोरी, दहा हजार फुटांवर उघड्या पातेल्यात राजमा शिजवतेस? इथे हवा उरलीच कुठे!" कुकरात झाला एकदम लोण्यासारखा. लिडीने दोन चमचे खाल्ले.

जेनेल


लेडव्हिल, १९ जुलै

डॅडी,

तुमचं कार्ड. "या. मी चार पाठवलेली नाही, सहाच आहे. काटा बदला. सहावर आल्याशिवाय गाडी माझ्या गेटात आणू नका."

'या' वाचून मी लिडीला घेऊन स्वयंपाकघरात नाचले. पुढचं वाचून बसले.

कर्टिसने काटा बदलला. खरंच बदलला, खाणीतल्या मित्राचा आणून लावला. तुमची पुली पुन्हा लावून बघितली, परत चारच, मग ती परत दाराशी गेली. मग तो म्हणाला, "जाऊ आपण. पण आठावर जाऊ. एकदा म्हाताऱ्याच्या दारात आठ पौंडांवर उभं राहायचंय मला. बघू दे त्याला, काही उडत नाही."

तुम्ही दोघं मिळून मला वेडं कराल. एक म्हणतो सहा, दुसऱ्याला चार दिसतात, आणि माझी पोरगी आठावर बसून अकराशे मैल जाणार. मला आता कुणाचंच खरं वाटत नाही, म्हणून मी माझं केलंय. काय ते सांगत नाही. दार मात्र आता अडणीशिवाय आपटतं, आणि कर्टिसच्या अजून लक्षात आलेलं नाही.

शनिवारी पहाटे निघतो.

जेनेल


अमॅरिलोच्या अलीकडे, हायवेवरची खानावळ, २३ जुलै, दुपारी तीन

डॅडी,

हे टपालात टाकणार नाही. टपालाच्या आधी मीच पोचेन. तुमच्या हातात देईन, आणि तुम्ही गेटाशी आलाच नाहीत तर पत्रपेटीत टाकून जाईन. कागद नाही म्हणून ताटाखालच्या छापील कागदाच्या मागे लिहिते. चीजबर्गरच्या चित्राकडे लक्ष देऊ नका.

आम्ही सगळे नीट आहोत, हे आधी.

घरून निघालो तेव्हा काटा आठ दाखवत होता. डोंगर उतरलो, प्वेब्लोच्या पुढे एका ट्रकला मागे टाकताना साडेनऊ. कर्टिसने डॅशबोर्ड थोपटला. "बघितलंस? उतार मानवला हिला! खुशीत आली निळी!" मी म्हटलं, पुली तीच, पट्टा तोच, खुशी कसली? तो म्हणाला, "इंजिन मोकळं होतंय, जेनी. लांबच्या प्रवासात होतं असं." मी मागे हात टाकून लिडीचा पाय धरला.

टेक्सासात शिरलो तर ऊन असं की आरसा हाताला चटके देत होता. समोर गुरांचा ट्रक, वास तुम्हाला माहीतच आहे. कर्टिस म्हणाला, "याच्या मागे मी अमॅरिलोपर्यंत नाही जाणार," आणि पाय दाबला. काटा दहाच्या पुढे गेला. आणि मला ऐकू आलं.

टिनच्या डब्यात खडे हलवल्यासारखं. बारीक. रेडिओच्या आणि लिडीच्या रडण्याच्या खालून.

मी दहा वर्षांची असल्यापासून तो आवाज ओळखते, इंजिन फुटायच्या आधीचा. तो आला की तुम्ही हातातला पाना टाकून शेडभर ओरडायचात. मला कळलंच नाही कधी तोंड उघडलं ते. मी ओरडले, "पाय काढ!" डॅडी, तो माझा आवाज नव्हता, अगदी तुमचा होता. कर्टिसने पाय असा उचलला जणू तुम्हीच मागच्या सीटवर बसला आहात. लिडी रडायची थांबली. गुरांचा ट्रक हॉर्न वाजवत पुढे गेला.

इथे थांबलो. कर्टिसने प्लग काढून बघितला, त्यावर मिरीसारखे काळे ठिपके, म्हणजे आवाज खोटा नव्हता. मग आत येऊन बसला. काय खायचं कळेना, म्हणून मी राजमा मागवला.

मऊ. चमच्यानेच मोडत होता. मी वाढणाऱ्या बाईला विचारलं, "कुकरात करता?"

"कुकर? नाही गं बाई. मोठ्या पातेल्यात. झाकण सुद्धा नाही, हरवलंय."

"किती वेळ?"

"दोन तास असेल. का? कच्चा आहे का?"

मी चमचा तसाच धरून बसले. माझी शाळा तुम्हाला माहीत आहे, आठवीनंतर मी काही शिकले नाही. पण राजमा मला कळतो. वर आमच्याकडे हवा पातळ, म्हणून शिजत नाही. इथे हवा जाड, म्हणून शिजतो. आणि तो ब्लोअर दुसरं काय खातो? हवाच ना! वर त्याला पातळ हवा मिळते, तो पातळ कोंबतो. खाली जाड मिळाली की तेवढ्याच फेऱ्यांत जाड कोंबतो.

मी म्हटलं, "कर्टिस, डॅडींनी चार पाठवले नव्हते. सहाच पाठवले होते. त्यांच्या गेटातले, खाली समुद्रसपाटीचे सहा. आपल्याकडे वर ते चार झाले."

त्याचा घास तोंडाशी थांबला. मग त्याने पेन मागितलं आणि नॅपकिनवर काहीतरी मांडलं. खोडलं, परत मांडलं.

"आपले आठ," तो म्हणाला, "तुझ्या बापाच्या गेटाशी पोचेपर्यंत..." आणि नॅपकिन माझ्याकडे सरकवला.

जवळजवळ बारा.

तेच बारा, डॅडी. लिडीने तेवढ्यात माझा राजमा टेबलभर केला.

मग कर्टिस म्हणाला, "म्हाताऱ्याला वाटलं मी खोटं बोलतोय. मला वाटलं तो मला टोमणा मारतोय. आणि दोघांचेही काटे बरोबर होते." तो एकटाच हसायला लागला, डोकं टेबलावर ठेवून. वाढणारी बाई पाणी घेऊन आली. मग तो उठून म्हणाला, "आता इथून पुढे मी पाय हलका ठेवतो, हळूहळू जाऊ."

"तुझा पाय हलका? लग्नात माझ्या बुटावर पडला होता तो, विसरले नाही मी."

"मग काय करू? ती पुली असती तर—"

मी लिडीची पिशवी टेबलावर ठेवली. लंगोट काढले, पावडर काढली, बाटली काढली, आणि तळातून तुमची पुली काढली. मग पट्टा. पट्टा मी तिच्या गादीखाली गुंडाळला होता.

कर्टिस पुलीकडे बघतोय, माझ्याकडे बघतोय. "दाराची अडण कुठे गेली म्हणतोय मी चार दिवस!"

"चार दिवस तुझं लक्ष नव्हतं. आता म्हणतोयस."

"चोर आहेस, जेनी."

"बापाची मुलगी आहे."

आता तो बाहेर पत्र्याच्या सावलीत पुली बदलतोय. इंजिन थंड व्हायला तासभर थांबलो. लिडीला मांडीवर घेऊन मी खिडकीतून बघते आहे. तो तुमच्यासारखंच करतो, बोल्ट काढला की ओठात धरतो.


विचिटा फॉल्स, २४ जुलै, सकाळी

मोटेलातून निघताना पंप लागला, सगळ्यात वरचं पेट्रोल भरलं. हायवेवर एकदा पाय दाबायला सांगितलं, मीच. काटा सहाच्या जरा अलीकडे. खडे वाजले नाहीत. मी लिडीचा पाय धरला नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

कर्टिसने गाडी चालवता चालवता विचारलं, "तो मला काय म्हणेल?"

मी म्हटलं, "'प्लग दाखव' म्हणेल."

"खिशात ठेवलेत. ठिपकेवाला पण ठेवलाय. लपवत नाही."


तुमचं गेट, २४ जुलै, संध्याकाळी पाच

पोचलो.

भाताच्या शेतांमधल्या त्या शेवटच्या सरळ रस्त्यावर, जिथे तुम्ही मला गाडी शिकवलीत, कर्टिसने एकदा पूर्ण पाय दाबला. मी काट्यावरून डोळे हलवले नाहीत. सहा. साडेपाच नाही, सव्वासहा नाही. सहा, आणि तिथेच थांबला, जणू खिळा मारलाय.

गेट बंद आहे. कडी तीच, वाकलेली. कर्टिस म्हणतो तू उतर आधी, मी म्हणते तू उतर. हॉर्न वाजवायची हिंमत दोघांत नाही. म्हणून इंजिन नुसतं चालू ठेवलंय. शेडमध्ये असाल तर तुम्हाला ऐकू येत असेलच, आणि ऐकून कळलं असेल किती पौंडांचं आहे ते.

शेडचा पत्रा सरकला. तुम्हीच आहात. फडक्याने हात पुसताय. केस किती पांढरे झाले हो.

कर्टिस उतरला. दोन्ही खिशांत हात घालून प्लग शोधतोय.

पेन ठेवते, डॅडी. एवढ्या उन्हात मम्मीची लोकरीची टोपी म्हणून पोरगी किंचाळणार आहे, पण तुम्ही गेटाशी याल तेव्हा मला ती तिच्या डोक्यावर हवी.